सुरूर ते पोलादपूर: एक राज्य महामार्ग समजून घेताना

पुणे-सातारा महामार्गावर खंबाटकीचा घाट उतरून पुढे आलं की सुरूर लागतं. तिथून उजवीकडे वळणारा रस्ता वाईला जातो, पसरणीच्या घाटाने पाचगणीला चढतो, पुढे महाबळेश्वर गाठतो आणि आंबेनळी घाटाने उतरत पोलादपूरला मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. एकूण लांबी ८५ किलोमीटरच्या आसपास. दोन राष्ट्रीय महामार्गांना जोडणारा, सह्याद्री आडवा ओलांडणारा हा रस्ता. मुंबई-पुण्याचे बहुतेक लोक त्याचा अर्धाच भाग ओळखतात. महाबळेश्वरला जाऊन स्ट्रॉबेरी खाऊन आल्या रस्त्याने परत. उरलेला अर्धा, म्हणजे पोलादपूरकडचा, फार तर प्रतापगडापर्यंत.

नकाशावर ही एक सलग रेघ दिसते. पण कुणी एकाने एकदाच ठरवून हा रस्ता बांधलेला नाही. त्याचे तुकडे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या राज्यकर्त्यांनी, वेगवेगळ्या गरजेपोटी केले आणि एक रस्ता म्हणून त्यांची नोंद फार नंतर झाली. 'राज्य महामार्ग' म्हणजे काय, हे कळायला म्हणूनच हा रस्ता चांगला.

आधी चढ-उताराचं गणित

वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या थोडं वर आहे. पाचगणी जवळजवळ तेराशे मीटरवर, महाबळेश्वर १,३७० मीटरच्या आसपास. पोलादपूर मात्र पार खाली, सावित्री नदीच्या खोऱ्यात. म्हणजे महाबळेश्वराहून पोलादपूरला जाताना ढोबळ मानाने तेराशे मीटर उतरायचं.

माणूस किंवा ओझ्याचा बैल पाच फूट चालीत एक फूट चढू शकतो. गाडी तशी चढत नाही. चाकाच्या गाडीसाठी घाटात साधारण वीस फुटांना एक फूट, म्हणजे पाच टक्के चढ सोयीचा. आजही डोंगरी रस्त्यांच्या भारतीय मानकांत पाच-सहा टक्के हाच नेहमीचा चढ धरतात. फारच नाइलाज असेल तिथे सात-आठ. आता गुणाकार करा: तेराशे मीटर उतरायचे आणि दर मीटरला वीस मीटर रस्ता हवा, तर किमान २६ किलोमीटर रस्ता लागणारच, मग कडा कितीही जवळ असो. प्रत्यक्षात महाबळेश्वर ते पोलादपूर ४० किलोमीटरच्या जवळपास भरतं, कारण मध्ये सपाट पट्टे आहेत आणि एक खोरंही आहे.

घाटातली वळणं कुणी हौसेने घातलेली नसतात. डोंगराच्या अंगावर एवढी लांबी कुठेतरी बसवायची, तर रस्ता मागे-पुढे घड्या घालतच न्यावा लागतो. जुन्या पायवाटा सरळ सोंडेवरून उतरतात आणि गाडीरस्ता त्यांना जागोजागी छेदत वळसे घेतो, त्याचं कारणही हेच.

आता त्या खोऱ्याबद्दल. महाबळेश्वराच्या पश्चिमेला उतरलं की लगेच कोकण, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. मेटतळ्यावरून खाली आलं की आपण कोयनेच्या वरच्या खोऱ्यात, जुन्या जावळीत उतरतो. इथलं पाणी दक्षिणेला शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, तिथून कराडला कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. सह्याद्रीची खरी धार रस्ता ओलांडतो ती पुढे, वाडा-कुंभरोशीजवळ, प्रतापगडाच्या पायथ्याशी. त्या खिंडीपलीकडचं पाणी सावित्रीला मिळून बाणकोटला अरबी समुद्रात जातं. प्रतापगड तिथेच का बांधला, हे वेगळं सांगायला नको. ही वाट ज्याच्या ताब्यात, त्याच्या हातात महाड बंदर ते वाईची पेठ हा सगळा व्यवहार.

बैलांची वाट, सैन्याची वाट

व्यवहार मोठा होता. सावित्रीतून गलबतं महाडपर्यंत येत. तिथून मीठ, नारळ, सुकी मासळी बैलांच्या पाठीवर वर चढायची आणि देशावरचं धान्य, गूळ खाली उतरायचा. महाबळेश्वराचं पठार आणि पार गाव यांच्या मधल्या उताराला रडतोंडीचा घाट म्हणत. पारचा जुना दगडी पूल कोयनेवर अजून उभा आहे आणि वापरात आहे.

१६५६ मध्ये जावळी मोऱ्यांकडून शिवाजी महाराजांकडे आली आणि त्यानंतर प्रतापगड उभा राहिला. १६५९ मध्ये अफझलखान वाईला तळ देऊन होता. वाईची सुभेदारी त्याने पूर्वी केलेली, मुलूख ओळखीचा. तिथून तो पठारावर चढून, रडतोंडीचा घाट उतरून पारला आला आणि १० नोव्हेंबर १६५९ ला गडाखाली जे झालं ते सर्वांना ठाऊक आहे. आजच्या रस्त्याच्या नजरेने पाहिलं तर खान वाई ते प्रतापगड या मार्गानेच आला, फक्त त्या वेळी ती एकावेळी एक बैल जाईल अशी वाट होती. मोठी फौज, हत्ती, तोफा आणि तंबू घेऊन अशा वाटेने उतरलं की सैन्याची लांबच लांब शेपूट होते आणि मागे फिरणं जवळजवळ अशक्य होतं. जावळीत बोलावण्यामागचा डाव वाटेच्या रुंदीवरही उभा होता.

हवा खायला येणाऱ्यांसाठी गाडीरस्ता

गाडी जाईल असा रस्ता झाला तो एकोणिसाव्या शतकात, आणि व्यापारासाठी नव्हे. १८२७ ते १८३० या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या सर जॉन माल्कमला उन्हाळ्यात थंडाव्याची जागा हवी होती. साताऱ्याच्या गादीवर तेव्हा छत्रपती प्रतापसिंह होते आणि महाबळेश्वर त्यांच्या मुलखात. १८२९ मध्ये अदलाबदल ठरली: महाबळेश्वर इंग्रजांना, त्या बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव राजाला. महाराजांनी साताऱ्याहून मेढ्यामार्गे वर येणारा रस्ता बांधून दिला आणि पठारावर पेठ वसवली. तिचं नाव माल्कम पेठ. कोकणाच्या बाजूला पारघाटाने उतरणारा रस्ता इंग्रज सरकारने पुढे नेला.

कोकणाची बाजू त्यांना एवढी का हवी होती? रेल्वे नव्हती, त्यामुळे मुंबईहून महाबळेश्वरला येण्याची सोयीची वाट समुद्रातून होती. बोटीने बाणकोट, सावित्रीतून वर दासगाव-महाड, मग पालखीत किंवा घोड्यावर पारपर्यंत आणि शेवटी रडतोंडीचा चढ. महाबळेश्वरच्या 'बॉम्बे पॉइंट'चं नावही या जुन्या मुंबईच्या रस्त्यावरूनच पडलेलं आहे. सूर्यास्त बघायला तिथे गर्दी करणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

पारघाटाचा रस्ता उभा होता, गाड्यांना जड जात होता. म्हणून नव्या आखणीचा, सौम्य चढाचा घाट काढला आणि तो १८७६ मध्ये खुला झाला. नाव दिलं फिट्झगेराल्ड घाट, मुंबईच्या एका माजी गव्हर्नरचं. आज आपण ज्याला आंबेनळी घाट म्हणतो तो हाच. पोलादपूर-महाबळेश्वरच्या आत्ताच्या रस्त्याचा सांगाडा म्हणजे ही १८७६ ची आखणी. डांबर, पूल, कठडे नंतरचे. पण डोंगराच्या कुठल्या सोंडेवरून कुठल्या सोंडेवर जायचं हे ठरलं ते बैलगाड्या आणि घोडागाड्या डोळ्यांपुढे ठेवून. एस.टी.चा चालक एखाद्या वळणावर मागे-पुढे करताना दिसला तर हे आठवायला हरकत नाही.

गंमत अशी की हा घाट झाला आणि दहाच वर्षांत त्याचं महत्त्व घटलं. १८८० च्या दशकात पुण्याहून दक्षिणेकडे रेल्वे गेली. लोक मुंबईहून गाडीने वाठार स्टेशनला उतरायला लागले आणि तिथून टांग्याने वाई, पसरणी घाट, पाचगणी करत महाबळेश्वरला पोचू लागले. बोटीचा प्रवास मागे पडला. रस्त्याचा पूर्वेचा अर्धा भाग पुढचा दरवाजा झाला आणि पश्चिमेचा मागचा. आज हॉटेलं, शाळा, बागा, जॅमचे कारखाने सगळे वाई-पाचगणीच्या अंगाला दिसतात आणि आंबेनळीच्या अंगाला मैलोन्मैल जंगल, त्याची सुरुवात इथे आहे.

मग हा 'राज्य महामार्ग' कधी झाला?

रस्त्यांची वर्गवारी ही आपल्याकडे विसाव्या शतकातली गोष्ट, आणि तिच्यात मराठी माणसांचा आणि गावांचा हात आहे. मोटारी वाढल्या तसे जुने खडीचे रस्ते उखडायला लागले आणि खर्च कुणी करायचा हा प्रश्न उभा राहिला. १९२७ मध्ये एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, तेच जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. पेट्रोलवर जादा कर लावून तो पैसा रस्त्यांसाठीच वापरावा, असं या समितीने सुचवलं आणि १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. आज पेट्रोल भरताना आपण रस्त्यासाठी जो पैसा देतो, त्याची मुळं इथवर जातात. १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. नाव राजकीय वाटलं तरी ही रस्ते-अभियंत्यांची संस्था, आणि वर सांगितलेली चढाची मानकं तीच ठरवते.

पुढे १९४३ मध्ये सगळ्या प्रांतांचे मुख्य अभियंते नागपूरला जमले. तिथे झालेल्या 'नागपूर योजने'त रस्त्यांच्या पायऱ्या ठरल्या: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ते, गावरस्ते. प्रांत जाऊन राज्यं आली, तेव्हा प्रांतिक महामार्गांचे राज्य महामार्ग झाले.

महाराष्ट्रात आज ही उतरंड साधारण अशी: राष्ट्रीय महामार्ग केंद्राचे; प्रमुख राज्य महामार्ग, राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे; इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे. रस्त्याकडेच्या दगडावरूनही हे कळतं. डोक्याला पिवळा रंग असेल तर राष्ट्रीय, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, केशरी असेल तर गावचा रस्ता.

यात सामान्य माणसाच्या कामाची गोष्ट एकच: खड्डा पडला, दरड आली, तर कुणाचं दार वाजवायचं ते या वर्गावर ठरतं. वर्ग बदलला की पैसा कुठून येणार, रुंदी किती असावी, टोल बसू शकतो का, सगळं बदलतं. म्हणूनच पुढारी 'रस्त्याचा दर्जा वाढवून आणला' असं भाषणात सांगतात. दर्जा वाढला म्हणजे रस्ता सुधारला असं नाही. कागदावर त्याचं घर बदललं, एवढंच. क्रमांकही वेळोवेळी बदलतात. गावातल्या माणसाला विचारलंत तर तो क्रमांक सांगणार नाही. 'वाई रोड', 'पसरणीचा घाट', 'पोलादपूर घाट' ही त्याच्यापुरती नावं.

शिवाय हा रस्ता साताऱ्यात सुरू होऊन रायगडात संपतो. जिल्ह्याची हद्द घाटातच पडते. खालच्या आणि वरच्या भागाची कार्यालयं वेगळी, ठेकेदार वेगळे, कामांची वेळापत्रकं वेगळी. वरचा पट्टा गुळगुळीत आणि हद्द ओलांडताच खडखडाट, किंवा कधी उलट, हा अनुभव घाटांवर नेहमी येतो तो यामुळे.

पाऊस, मुरूम आणि मोऱ्या

या रस्त्याची खरी परीक्षा पाऊस घेतो. वाईत वर्षाला हजार मिलिमीटरच्या आत पाऊस पडतो. तिथून जेमतेम तीस-बत्तीस किलोमीटरवर महाबळेश्वरला सहा हजारांच्या आसपास. समुद्रावरून आलेले ढग कड्याला अडून तिथेच रिते होतात, पूर्वेला जाईपर्यंत त्यांच्यात फारसं उरत नाही. एकाच रस्त्याच्या दोन टोकांना इतका फरक असेल तर दोन्हीकडे एकाच पद्धतीने रस्ता बांधून कसं चालेल?

घाटातला रस्ता बहुतेक ठिकाणी अर्धा खोदलेला आणि अर्धा भरलेला असतो. डोंगराच्या अंगाला कातळ फोडून जागा करतात, निघालेला मुरूम-दगड दरीच्या अंगाला टाकून रुंदी मिळवतात. दरीकडच्या भरावाला धरून ठेवते ती संरक्षक भिंत. डोंगराकडच्या बाजूला गटार. गटाराचं पाणी ठरावीक अंतरावर रस्त्याखालच्या मोरीतून पलीकडे दरीत सोडतात. ही साखळी कुठे तुटते? बहुधा मोरीत. वरून आलेला पाला, माती, एखादा ओंडका मोरीच्या तोंडाशी अडकतो. पाणी रस्त्यावर येतं, डांबर ओलांडून दरीकडच्या काठावर जातं आणि भरावात मुरायला लागतं. ओला भराव जड होतो, भिंतीवर रेटा वाढतो. भिंतीतून पाणी निघायला ठेवलेली भोकं बुजलेली असतील तर भिंत फुगते आणि एका रात्रीत अर्धा रस्ता दरीत. वरून दरड कोसळते तेव्हा बातमी होते, पण रस्त्याचं जास्त नुकसान बऱ्याचदा खालून होतं.

सह्याद्रीचा दगडही समजून घेण्यासारखा आहे. लाव्हाचे थर एकावर एक साचून हा डोंगर झाला. कठीण काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये अनेकदा मऊ, लालसर मातकट थर असतो. पाणी त्या थरापाशी अडून आडवं वाहतं, थर भुसभुशीत होतो आणि वरचा कातळ आधार सुटून सुटा होतो. घाटात जिथे भिंतीसारख्या काळ्या दगडातून मध्येच एका ओळीत झरे फुटलेले दिसतात, ती ओळ म्हणजे हाच थर.

पूर्वी मैलकुली असत. ठरलेल्या पट्ट्यात रोज फिरून गटार मोकळं करणं, मोरीचं तोंड साफ ठेवणं, बारीकसारीक खड्डे बुजवणं हे त्यांचं काम. आता बहुतेक कामं ठेक्यावर, वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या तोंडावर होतात. माझं मत विचाराल तर घाटरस्त्याला नवं डांबर देण्याआधी फावडं घेऊन रोज फिरणारी माणसं परत द्यायला हवीत. पण फावड्याचं उद्घाटन होत नाही.

२२ जुलै २०२१ ला काय झालं ते पाहा. चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, म्हणजे वाईचा निम्म्याहून जास्त वर्षाचा पाऊस एका दिवसात. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळीये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. आंबेनळी घाट जागोजागी तुटला. काही ठिकाणी दरडी आल्या, काही ठिकाणी भराव भिंतीसकट वाहून रस्त्याचा मागमूस राहिला नाही. घाट बरेच दिवस बंद होता आणि मधली गावं दोन्हीकडून तुटली होती.

त्याआधी २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस याच घाटात दरीत गेली. तीस जण मरण पावले, वाचला तो एकच जण. त्यानंतर कठड्यांची चर्चा खूप झाली. जुने दगडी कठडे गाडीला थोपवण्यासाठी नव्हतेच. रस्ता कुठे संपतो ते चालकाला दिसावं, हा त्यांचा उपयोग. भरधाव बस अडवायची तर जमिनीत खोल रोवलेले खांब आणि पोलादी पट्ट्या लागतात, आणि ते खांब भरावात रोवायचे तर आधी भराव पक्का हवा. म्हणजे गोष्ट फिरून पाण्यापाशीच येते.

वाईच्या बाजूचे वाद

पूर्वेकडच्या टोकाला दुखणी वेगळी. तिथे गर्दी हीच अडचण. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत पसरणी घाटात गाड्यांची रांग लागते. हा घाट उघड्या, गवताळ डोंगरावरून जातो, वळणावळणावर खाली धोम धरणाचं पाणी आणि वाई दिसते, त्यामुळे मध्येच गाडी उभी करून फोटो काढणारेही रांगेला हातभार लावतात. घाटाखालचं पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव. ३० नोव्हेंबर १९५७ ला पंडित नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्रवाल्यांनी याच घाटात काळे झेंडे घेऊन निदर्शनं केली होती. पंतप्रधानांना तोंड दाखवायचं तर या रस्त्यावरच उभं राहावं लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सुरूर ते वाई हा पट्टा सपाट, आणि दोन्ही बाजूंना जुने वड. त्यांची कमान हीच त्या रस्त्याची ओळख होती. रुंदीकरणात वड तोडायचे की वाचवायचे यावरून अलीकडे वाद पेटला. अभियंत्याचं म्हणणं असं की झाडाचा बुंधा डांबराला टेकलेला असेल तर रात्री वेगात येणारी गाडी त्यावर आदळते. गावकऱ्याचं म्हणणं असं की रस्ता रुंद केला की वेग आणखी वाढेल आणि सावली मात्र जाईल. मला दुसरं म्हणणं अधिक पटतं. पुढे पसरणी घाट आहेच, आणि तो रुंद होणार नाही. दहा किलोमीटरचं अंतर भरधाव कापून घाटाच्या तोंडाशी रांगेतच उभं राहायचं असेल तर वाचवलेली पाच मिनिटं कुठे जातात?

पश्चिमेकडून येणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. जून ते सप्टेंबर या काळात आंबेनळी घाट कधीही बंद होऊ शकतो, आणि त्या वेळी महाडहून भोरला जाणारा वरंधा घाटही बहुधा बंदच असतो, कारण पाऊस तोच. मग पोलादपूरहून महाबळेश्वरला जायचं तर दक्षिणेला चिपळूण, कुंभार्ली घाटाने कराड, तिथून सातारा आणि मेढ्यामार्गे वर. चाळीस किलोमीटरच्या जागी दोनशेहून अधिक. निघण्याआधी पोलादपूर किंवा महाबळेश्वरच्या एस.टी. स्थानकात फोन करून गाड्या सुटतायत का ते विचारावं. एस.टी. चालू असेल तर घाट चालू आहे.